डावी पंगत

"ही माझी मायच हाय," बानाबाईनं पुन्हा सांगितलं.

संग्रहालयाच्या दालनात जुन्या मोहताजखान्याचे फोटो लावले होते. निजामाच्या काळात निराधारांना तिथे आसरा मिळायचा. मोठ्या फोटोत पंगत बसली होती. टोकाला एक बाई भाकरी वाढत होती. खाली चिठ्ठी होती : ‘अनोळखी स्त्री’. त्या जागी आईचं नाव लागावं म्हणून बानाबाईची हर्सूलहून ही तिसरी खेप होती.

प्रदर्शनाचे प्रमुख नानासाहेब शांत माणूस. पण त्यांना पुरावा लागायचा. त्यांनी तिचा अर्ज काढला.

"आजी, तुम्हीच सांगून लिहवून घेतलंय. आईच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. या बाईचा उजवा हात धडधाकट आहे. करंगळी नाही ती डाव्या हाताला."

"उजव्याच. त्या हाताच्या थपडा खाल्ल्यात मी. गालावर तीनच बोटं उमटायची."

बघायला आलेले लोक हसले.

"मग काय, फोटो चुकला?"

बानाबाई फोटोच्या अगदी जवळ गेली. आजवर तिनं फक्त आईलाच पाहिलं होतं. आता ती पंगतीतल्या एकेकावर बोट ठेवत सरकली.

"साहेब, तुमच्यात डाव्या हातानं जेवतात व्हय?"

"म्हणजे?"

"हे समदे जेवाय लागलेत की. म्हातारी, लेकरं, समदे."

काचेच्या जुन्या निगेटिव्हवरून हे फोटो छापणाऱ्या आशाबाई पुढे आल्या. पर्समधला आरसा त्यांनी फोटोसमोर धरला. आरशात सगळी पंगत उजव्या हातानं जेवत होती. भाकरी वाढणाऱ्या उजव्या हाताला करंगळी नव्हती.

"काच उलटी ठेवली गेली माझ्याकडून," आशाबाई म्हणाल्या. "सर, महिनाभर आपण रोज बघतोय हा फोटो."

"अन् रोज जेवतोय बी!" मागून कुणीतरी बोललं. नानासाहेबांनाही हसू आलं.

त्यांनी जुनी चिठ्ठी काढली, कोऱ्या कार्डावर ठळक अक्षरांत अर्जातलं नाव लिहिलं आणि कार्ड फोटोखाली लावलं. बानाबाई त्या अक्षरांकडे बघत राहिली.

"मला वाचता येत नाय. वाचा."

"म्हाळसाबाई."

"जोरात वाचा, साहेब. पार दारापातुर जाऊ द्या."