राणी घेतली तेव्हा

पुण्यात पडद्यावर कॅरम खेळणाऱ्या वैजयंतीचा नेम चुकला आणि पाळी वडिलांकडे गेली. नागपूरच्या दवाखान्यात दामोदररावांच्या घशात नळी होती. बोटही जेमतेम हलत असे. पण नवा पडदा बोटासाठी थांबत नसे. त्यांच्या सवयीवरून चाल ओळखून आधीच खेळून टाकी.

सहा वर्षांच्या अबोल्यानंतर आठवडाभर दोघं नुसतीच खेळत होती. आज तिने धीर केला. “बाबा, माझं चुकलं. राग गेला असेल, तर राणी घ्या.”

स्ट्रायकर सरकला. राणी गेली. वैजयंती हुंदके देत हसली.

तेवढ्यात नर्सचा फोन आला. “ताई, बाबा गेले. अर्धा तास झाला.”

“काहीतरीच काय! आत्ता राणी घेतली त्यांनी!”

“बोट थांबलं तरी पडदा खेळतच राहतो हो, ताई.”

समोर स्ट्रायकर पुढचा नेम धरत होता. पडदा बंद करायला वैजयंतीचा हात धजेना.