झाकण उघडं आहे

मोबाईल पुन्हा कोकलला तेव्हा ज्ञानेश्वरच्या हाताला ऑइल लागलेलं होतं. नगरच्या एमआयडीसीतली रविवारची पाळी, मशीनचा कल्ला, आणि त्यात खिशातली ही कटकट. त्यानं अंगठा पँटला पुसला नि स्क्रीन उघडली. ग्रिलचा निरोप होता. ‘झाकण उघडं आहे. तापमान घसरतंय.’

“नाना, झाकण लावा हो,” तो मशीनपुढंच पुटपुटला, जणू भंडारदऱ्याला ऐकू जाणार होतं.

ग्रिल त्यानंच हौसेनं आणली होती. धरणाकाठच्या त्यांच्या वावरात पाहुण्यांसाठी तंबू टाकलेले. त्याचे वडील, राधाकृष्ण नाना, इतकी वर्षं तिथं तीन दगडांच्या चुलीवर मटण करायचे. ही शेगडी मात्र शिकलेली होती. भुशाच्या गोळ्या आपणच गिळायची, आच आपणच सांभाळायची, आणि जरा इकडंतिकडं झालं की मालकाच्या मोबाईलवर बोंब मारायची. मोबाईल ज्ञानेश्वरचा. नानांकडं आपला बटणांचा फोन. म्हणजे आग भंडारदऱ्याला आणि बोंब नगरात. मग ज्ञानेश्वरनं फोन करायचा आणि नानांनी उठून झाकण लावायचं, असा दर रविवारचा खेळ.

नानांची खोड एकच. घटकेघटकेला झाकण उघडून वास घ्यायचा.

“वास घेतल्याबिगर कळतंय का शिजलं का न्हाई?” ते म्हणायचे. “आगीपाशी मानूस लागतो, ज्ञानू.”

मागच्या रविवारी ज्ञानेश्वरचा पारा चढला होता. “मी इथून सगळं बघतोय ना? तुम्ही नुसतं झाकण लावून गप बसत जा,” असं तो बोलून गेला. नानांनी फोन ठेवून दिला होता. आठवडाभर ते त्याच्या मनात सलत होतं, पण फोन करून चार शब्द बोलायचं काही जमलं नाही.

आज तर गाठ साहेबांशी होती. कंपनीतले मोठे साहेब बायकापोरांसह त्यांच्याच तंबूत उतरलेले. सकाळी सगळे रंधा धबधबा बघायला गेले होते, जेवायला परत येणार होते. ते नसताना रविवारची जादा पाळी ज्ञानेश्वरनं अंगावर घेतली होती. त्याला कायम करायचं की नाही ते साहेबांच्याच हातात होतं, आणि ग्रिलचं कौतुक त्यानं साहेबांच्या कानावर इतकं घातलं होतं की आता मटण कच्चं राहिलं असतं तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

त्यानं नानांना फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. पुन्हा लावला, तेच. रुसलेत, त्याला वाटलं. नेमका आजचा मुहूर्त काढलाय रुसायला.

मोबाईल कोकलतच होता. ‘झाकण उघडं आहे. झाकण उघडं आहे.’ वैतागून त्यानं आवाज बंद केला आणि मोबाईलवरूनच आच वाढवली. शेगडी हाताशी असल्यावर नानांची मनधरणी कशाला करायची?

थोड्या वेळानं बघतो तर शेगडीच बंद. कुणीतरी तिथलं बटण दाबलं होतं. ज्ञानेश्वरनं दात खाल्ले आणि मोबाईलवरून ती परत पेटवली. जरा वेळानं ती परत बंद झाली. त्यानं परत पेटवली. आता त्याला खरोखर संताप आला होता. बापलेकाचं भांडण घरात ठीक आहे, पण पाहुण्यांच्या ताटावर कुणी काढतं का?

तेवढ्यात एक अनोळखी नंबर वाजायला लागला. साहेबांची मंडळी परतून भुकेनं ओरडत असणार. त्यांना सांगणार काय, म्हणून त्यानं फोन कापला. परत आला, परत कापला. शेगडी पुन्हा बंद पडली होती. त्यानं तिसऱ्यांदा पेटवली.

मग नानांच्याच नंबरवरून फोन आला.

“नाना, लहान पोरासारखं काय लावलंय हे?”

“नाना न्हाई. मी आप्पा बोलतोय.” आप्पासाहेब म्हणजे नानांचे चुलतभाऊ, शेजारच्या वावरातले.

“आप्पा, ती शेगडी कोण बंद करतंय?”

“तुझी आई. ती बंद करती आन् तू पेटवतो.” मागं कुणीतरी बाई रडत होती. “नको पेटवू, ज्ञानू. आज ह्या घरात चूल पेटवायची नसती.”

मशीन चालू होतं. ज्ञानेश्वरला त्याचा आवाज येईनासा झाला.

“नाना झाकण उघडून वास घेत हुता,” आप्पा सांगत होते. “तसाच खाली बसला. तुझ्या आईनं पाह्यलं, तवर काय उरलं नव्हतं. तुझा फोन त्याच्या खिशातच वाजत हुता. मी माझ्या फोनवरनं लावला, तर तू कापत हुतास.”

ज्ञानेश्वरला बोलायचं खूप होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. “मी बंद करतो, आप्पा. इथनंच करतो.”

त्यानं अंगठा पुसला. आवाज बंद केलेला तो निरोप अजून स्क्रीनवर तसाच होता. झाकण उघडं आहे. त्याच्या खालचं बटण त्यानं दाबलं आणि बराच वेळ दाबूनच धरलं.

“झाली का बंद?” त्यानं विचारलं.

“झाली,” आप्पा म्हणाले. “आता निघ. नानाला अग्नी तुलाच द्यायचाय. ती आग तरी हितं येऊन पेटव.”