बाकीचं लग्न

स्टुडिओतल्या नव्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क हवी होती. जुन्या डिस्कवर एकच लग्न अडकून पडलं होतं, कारण अल्बमसाठी फोटो कोणी निवडूनच दिले नव्हते. शेवटी कंटाळून मी नवरीला फोन लावला.

“पुसून टाका, दादा. आम्ही वेगळे झालोय.” मग म्हणाली, “यंदा बाबाही गेले. त्यांचा एखादा निवांत फोटो असेल, तर तेवढा ठेवा.”

अख्खं लग्न पुन्हा बघत बसलो. बाबा सगळीकडे होते. व्याह्यांसमोर, पंगतीत, जावयाच्या मागे. प्रत्येक फोटोत हात जोडलेले.

अगदी शेवटी, पाठवणीनंतरच्या रिकाम्या मांडवात, ते खुर्चीतच झोपी गेले होते. फेटा मांडीवर, हात सैल सुटलेले.

तेवढा फोटो तिला पाठवला आणि बाकीचं लग्न पुसून टाकलं.