पुढची चार भोकं

भोकं बुजवायला आलेल्या ओटिसनं वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला, तशी आर्डिसनं गाडीच्या उघड्या दारातून पाय आत घातला आणि बूट नेमका एका भोकावर ठेवला.

"आई, पाय काढ," लाइल म्हणाला. "भाजेल."

"भाजू दे. पाय माझा आहे."

गॅरेजच्या मधोमध गाडी उभी होती. सत्तर सालची नारिंगी प्लिमथ. सीटा बाहेर, गालिचा बाहेर, खाली नुसता पत्रा. बाप गेल्यावर लाइलनं तिला शेडमधून ओढून काढलं आणि तेव्हापासून तिच्या मागं खुळ्यासारखा लागला होता. रंग कारखान्याचा, टायर त्या काळचे, स्क्रूसुद्धा शोधून शोधून त्या काळचे. ऑगस्टमधल्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात परीक्षक भिंग लावून बघतात, गाडी कारखान्यातून निघाली तश्शी आहे की नाही. एक भोक जास्त निघालं की गुण कापतात. आणि ड्रायव्हरच्या सीटखाली चार भोकं जास्त होती. कारखान्याच्या भोकांच्या वीतभर पुढं.

"एवढं काय त्यात?" लाइल वैतागला. "बाबांचं माप चुकलं असेल."

"तुझ्या बापाचं माप कधी चुकलं नाही."

"मग तूच सांग. शर्यतीत वजन नको म्हणून सरकती पट्टी काढून सीट थेट पत्र्याला आवळायचे, हे मला माहीत आहे. पण बाबा सव्वासहा फूट. इथं सीट आवळली असती तर गुडघे कानाला लागले असते त्यांच्या!"

ओटिस मुखवटा वर करून फिदीफिदी हसला. आर्डिसनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं मुखवटा परत खाली घेतला.

व्हर्जिल टॅल्बर्टचं नाव फ्लिंटमधले म्हातारे अजून काढायचे. गावाबाहेरच्या पट्टीवर पाव मैलाची सरळ शर्यत, दोन उन्हाळे पठ्ठ्या हरला नाही. मग लाइलची चाहूल लागली आणि त्यानं शर्यत सोडली. थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना दरवर्षी कुणीतरी ही गोष्ट काढायचंच. पोरासाठी बापानं केवढं सोडलं! व्हर्जिल मान खाली घालून टर्की कापत राहायचा. लोकांना वाटायचं, काय साधा माणूस आहे.

आर्डिसनं आयुष्यात जीभ आवरली नव्हती. पाद्र्यापुढं नाही, मुकादमापुढं नाही. या एका गोष्टीपुरती मात्र आवरली होती. पण आता वर वितळलेलं लोखंड पडणार, त्यावर रंग चढणार. मग जगात कुठंच काही राहणार नव्हतं. गाडीलासुद्धा आठवणार नव्हतं.

"ड्रायव्हरची सीट आण," ती म्हणाली.

"आत्ता? कशाला?"

"आण म्हटलं ना! आणि या पुढच्या भोकांवर ठेव."

लाइलनं सीट आणली. चारही बोल्ट सुरी लोण्यात जावी तसे खाली उतरले. आर्डिस कण्हत, कुणाचा हात न घेता आत बसली. डावा पाय क्लचवर टेकला आणि पार तळाला गेला. उजवा हात गिअरच्या मुठीवर पडला, जसा घरातल्या दाराच्या कडीवर पडतो.

ओटिसनं मुखवटा काढूनच टाकला.

"आई..." लाइल म्हणाला.

"त्या पट्टीच्या मालकानं बायकांना बघायला बाकं दिली होती. चालवायला नाही. तुझा बाप इंजिनाचा देव, पण हिरवा दिवा लागला की त्याच्या पायाचं लाकूड व्हायचं. मग त्याचं जाकीट घालायचे मी. हेल्मेटच्या आत बाप्या आहे की बाई, कुणाला कळतंय? परतीच्या रस्त्यावर तो झाडामागं उभा असायचा. मी उतरायचे, तो अंग कोंबून बसायचा आणि जायचा कप घ्यायला. गुडघे कानाला लावून! उतरताना लंगडायचा, तर लोक म्हणायचे, केवढा जोर लावतो बिचारा."

लाइल टायरवर मटकन बसला. "म्हणजे... माझ्यासाठी बाबांनी सोडली ते..."

"त्याची होती कुठं सोडायला? तुझ्यामुळं माझं पोट स्टिअरिंगला लागायला लागलं."

"आणि त्यांनी कधी सांगितलं नाही?"

"दर थँक्सगिव्हिंगला तोंड उघडायचा. मी टेबलाखालून लाथ घालायचे. तू त्याच्याकडं कसा बघायचास, ते मला दिसत होतं ना."

लाइलनं तोंड ओंजळीत लपवलं. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसू लागले. रडतोय, असं ओटिसला वाटलं. तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईतो हसत होता.

"मग काय करायचं?" ओटिसनं विचारलं. "बुजवू का भोकं?"

"हात तर लावून बघ!" लाइल उठला. पाना घेऊन गाडीखाली शिरला आणि चारही नट त्यानं स्वतः आवळले. "रंग कारखान्याचा. टायर कारखान्याचे. सीट आईची. कापू देत गुण."

पण गुण कापायला परीक्षकांना गाडी मिळालीच नाही. मेळ्याच्या दिवशी टॅल्बर्ट मंडळी तिला घेऊन त्याच जुन्या पट्टीवर गेली. तिथं जुन्या गाड्यांची शर्यत होती, आणि आता बाई की बाप्या, कुणी विचारत नव्हतं. शेजारी निळी कॅमारो गाडी गुरगुरत होती. तिच्यातला तरुण स्टिअरिंगमागच्या आर्डिसकडं पाहून, आजीला वाट द्यावी तसा अदबीनं हसला.

लाइल धावत खिडकीशी आला. "आई, लांबचा चष्मा घरीच राहिला की तुझा!"

आर्डिसनं हेल्मेटचा पट्टा आवळला.

"राहू दे. माझ्या पुढं बघण्यासारखं कधी कुणी नसायचंच."