जाहीर आवाहन

रस्त्याकडेची रोपं शेळ्या खायच्या, म्हणून शेळ्या तोंड लावणार नाहीत असा लेप शोधायचं काम ऑफिसनं माझ्याकडे दिलं होतं. माझा प्रत्येक लेप शेळ्यांनी आवडीनं चाटला. शेवटी १९८४ साली ठरवलं, एकट्याच्या डोक्यानं होत नाही, सगळ्या जिल्ह्यालाच विचारू. "शेळ्यांपासून रोपं कशी वाचवावीत? कुणीही उपाय सुचवा," असे मोठाले कागद छापले, बायकोच्या पातेल्यात कणकेची दाट खळ शिजवली आणि चारठाण्यापासून पोखर्णीपर्यंत भिंतींवर स्वतः चिकटवत फिरलो.

पंधरवडा उलटला, तरी एक उत्तर नाही. "आपल्या लोकांना डोकं चालवायलाच नको," असं ऑफिसात सगळ्यांना ऐकवून मी तणतणत पोखर्णीला गेलो. बघतो तर रोपं हिरवीगार! शेळ्या राखणाऱ्या भिवराबाई हसतच पुढं आल्या.



"साहेब, तुमचा उपाय लय भारी हाय! कागद लावल्यापासून शेळ्या रोपांकडं बघंनात. पण भिंतीवरचे खाऊन संपत आलेत, नवे कधी लावताव?"