पालथी कुंडी

बागेचे साहेब मोजणीची वही घेऊन रोपवाटिकेकडे येताना दिसले, तशी थोरली जाऊ पालथ्या कुंडीपुढे ठाण मांडून उभी राहिली. कुंडीखाली चार दिवसांपासून तीन कोवळी रोपं कोंडलेली होती.

बागेच्या फाटकावर नवी पाटी लागायची होती आणि तिच्यावर चित्र एकाचंच. जे कमी उरलंय, त्याचं. थोरली सांभाळायची ती सुईसारख्या पानांची झाडं बागेत नऊ, तर धाकटी जाऊ सांभाळायची ती पांढऱ्या मिशांची माकडं पलीकडच्या पिंजऱ्यात अकरा. वीस वर्षं थोरलीचं एक बी रुजलं नव्हतं. मेलं रुजलं ते नेमकं याच आठवड्यात. नवाची बारा झाली की पाटी धाकटीची.

साहेबांच्या आधी धाकटीच डोळे पुसत आली. हातात पिल्लाला पाणी पाजायची बाटली तशीच होती.

"जाऊबाई, माझं आजारी पिल्लू गेलं हो सकाळी. दहाच राहिली."

मागून साहेब, कारकून, तिकीटवाली, सगळे सुतकी चेहऱ्याने. थोरलीच्या पोटात दुखलं. गेल्या उन्हाळ्यात तिची दोन झाडं उभ्या उभ्या वाळली, तेव्हा कुणाच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. उलट ही तिकीटवालीच म्हणाली होती, "चुलीला नेऊ का?" माकड गेलं तर लेकरू गेलं, झाड गेलं तर लाकूड!

"रड बाई, रड," थोरली म्हणाली. "तुझी दहा झाली तरी माझी नऊच आहेत."

साहेबांनी वही उघडली. "थोरल्या बाई, तुमची किती लिहू?"

"सांगितलं की. नऊ."

साहेबांनी नऊ लिहिले. धाकटीची नजर मात्र खाली गेली. कुंडीच्या बुडाच्या भोकातून एक पिवळट टोक बाहेर डोकावत होतं, उजेडाकडे मान वाकडी करून.

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. खाली बसली आणि बाटलीतलं उरलेलं पाणी हलक्या हाताने त्या भोकात सोडलं.

चार दिवसांत थोरलीने थेंब घातला नव्हता. वीस वर्षं वाट पाहिली आपण, आणि पाणी घालायचं सुचलं तेही हिलाच!

थोरलीने कुंडी उचलून बाजूला आपटली.

"खोडा ते नऊ. बारा लिहा."

साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "मग पाटीवर माकड येणार, बाई."

"येऊ द्या की," थोरली म्हणाली. "पण बसवा माझ्या झाडावर."