जांभळ्या म्हशीचा गोचीड

मी कोरीट गावात जनावरांची रंगीत चित्रं काढतो. मोठी संग्राहक नेतात, छोटी पोरांना वाटतो.

नाशिकच्या एका साहेबांनी जांभळी म्हैस परत पाठवली. फोनवर म्हणाले, "गोचीड फार जिवंत काढलात हो. पण आमच्या घरात लहान मुलं आहेत."

मी गोचीड काढलाच नव्हता.

पण होता. म्हशीच्या कानामागे, बोराएवढा. सुरीनं खरवडला तर पचकन फुटला. कोमट, आंबूस काहीतरी माझ्या ओठांवर उडालं. दहा चुळा भरल्या, दहाही जांभळ्या पडल्या.

चित्र जाळणारच होतो. तेवढ्यात पुतणी रोशनी म्हशीच्या गळ्याला गाल लावून बसली. "काका, मन्ही म्हैस शे. जाळू नको."

"गोचीड लागतीन तुले."

"मंग लागू दे!"

दुसऱ्या दिवशी म्हैस अगदी स्वच्छ होती. रोशनी मात्र कान खाजवत आली. "काका, देख ना, काय शे?"

तिच्या कानामागे तोच होता, काल फुटलेला. टंच फुगलेला, पाय हलवत. मी चिमट्यात धरून हळूच ओढला.

रोशनी खिदळली. "गुदगुल्या व्हतस!"

गोचीड निघाला. सोबत तिच्या गालाचा रंग सोलून आला.

खाली कोरा कॅनव्हास होता.